बटण दिसतं, मग चेहरा का दिसत नाही?

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई नोकरी करतात. घरात नवरा, शाळकरी मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. गेलं वर्ष-दीड वर्ष सासूबाई 'मला दिसत नाही' म्हणतात. त्यांचं पेपर वाचणं बंद झालं, सुईत दोरा ओवणं बंद झालं. जिन्यात भेटलेल्या माणसांना त्या ओळख दाखवत नाहीत आणि माणसं दुखावतात. पण जमिनीवर पडलेलं शर्टाचं बटण त्याच उचलून देतात, भिंतीवरची पाल सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसते आणि घरभर कुठेही न धडकता त्या फिरतात. सुनेशी बोलताना मात्र तिच्या खांद्यापलीकडे बघतात. डॉक्टरांनी रिपोर्टवर 'ड्राय मॅक्युलर डिजनरेशन' असं लिहिलं आणि 'आता चष्मा बदलून फरक पडणार नाही' असं सांगितलं. ताईंच्या वडिलांना मोतीबिंदू होता. ऑपरेशननंतर ते लगेच वाचू लागले. त्यांच्या मामांची दृष्टी लहानपणी गोवरानंतर पूर्ण गेली होती, तरी ते एकटे प्रवास करत, नोकरी करत. 'मामांनी कधी कुणाला वेठीला धरलं नाही आणि सासूबाईंना तर निम्मं तरी दिसतं,' असं ताई म्हणतात. खात्री करायला त्यांनी एकदा पॅसेजमध्ये मुद्दाम स्टूल ठेवलं. सासूबाई बाजूने निघून गेल्या. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी नातीला हळूच सांगितलं, की सोफ्यावर रंगीत टोप्या घातलेली लहान मुलं बसलेली दिसतात. नवऱ्याचं म्हणणं, आईला आता गॅसजवळ आणि घराबाहेर जाऊच द्यायचं नाही. ताई विचारतात : 'हे खरं आहे की सोंग? की डोक्यावर परिणाम झालाय? त्यांना नक्की किती दिसतं, हे मी कसं ओळखू?'

ताई,

तुमची निरीक्षणशक्ती चांगली आहे. बटण, पाल, खांद्यापलीकडची नजर, जिन्यातली माणसं, सोफ्यावरची मुलं, हे सगळं तुम्ही संशयाचे पुरावे म्हणून लिहिलंत. तेच तपशील त्या रिपोर्टच्या शेजारी ठेवून वाचले, तर ते त्या आजाराचं जवळजवळ पाठ्यपुस्तकातलं वर्णन होतं. पत्रावरून निदान करण्याचा मला अधिकार नाही, पण निदान तर तुमच्या डॉक्टरांनी केलेलंच आहे. त्याचा अर्थ तुम्हाला कुणी बसून समजावला नाही, आणि माझ्या मते घरातला निम्मा ताण तिथूनच आला आहे.

एक छोटा प्रयोग करा. या ओळीतल्या 'प्रयोग' शब्दावर नजर रोखून धरा आणि डोळे अजिबात न हलवता तीन ओळी खालचा मजकूर वाचायचा प्रयत्न करा. खाली अक्षरं आहेत हे कळतं, पण वाचता येत नाहीत. आपल्याला वाटतं की समोरचं सगळं आपल्याला सारखंच स्पष्ट दिसतं. तसं नसतं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा भाग म्हणजे मॅक्युला. बारीक अक्षरं, सुईचं नेढं, समोरच्याचे डोळे आणि हसू, हे सगळं टिपण्याचं काम तो करतो. त्यातही अगदी तीक्ष्ण नजर हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढ्याच जागेत असते. उरलेला पडदा हालचाल टिपतो, अडथळे टिपतो, अंधुक उजेडात वाट दाखवतो.

सासूबाईंचा बिघडलाय तो मधला भाग; रिपोर्टवरच्या 'मॅक्युलर डिजनरेशन'चा अर्थ मॅक्युलाची झीज. कडेचा शाबूत आहे. म्हणून पाल सरकली की त्यांना आधी कळतं. म्हणून गडद फरशीवरचं फिकट बटण नजरेच्या कडेला येताच दिसतं, आणि ते नीट बघायला जावं तर नाहीसं होतं. म्हणूनच स्टूलही चुकवता येतं. चेहरा मात्र सरळ बघितला की तिथे धूसर डाग असतो. चेहरा पाहायचा तर त्यांना नजर थोडी बाजूला न्यावी लागते, म्हणजे शाबूत भागावर चेहरा येतो. त्या तुमच्या खांद्यापलीकडे बघतात तेव्हा बहुधा तुम्हालाच बघण्याचा प्रयत्न करत असतात. लो व्हिजन क्लिनिकमध्ये, म्हणजे उरलेली नजर कशी वापरायची हे शिकवणाऱ्या दवाखान्यात, असं बघायला मुद्दाम शिकवलं जातं; अनेक जण ते आपणहून शोधून काढतात, तसं त्यांनी काढलं असावं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. 'किती दिसतं?' या प्रश्नात एक गृहीतक आहे, की दृष्टी दिव्याच्या बटणासारखी असते, चालू किंवा बंद, फार तर मंद. म्हणून 'निम्मं दिसतं' असा हिशेब तुमच्या मनात तयार झाला. पण काय दिसतं, नजरेच्या कोणत्या भागात दिसतं, कोणत्या उजेडात दिसतं आणि दिवसाच्या कोणत्या वेळी दिसतं, ही सगळी उत्तरं वेगवेगळी असू शकतात.

डॉक्टर ६/६०, ३/६० असे आकडे लिहितात. ही पद्धत हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये आणलेल्या अक्षरतक्त्यावरून आली. ६/६० म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला ६० मीटरवरून ओळखता येणारं अक्षर या माणसाला ६ मीटरवरून ओळखता येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ६/१८ च्या खाली मध्यम दृष्टिदोष, ६/६० च्या खाली तीव्र, आणि ३/६० च्या खाली अंधत्व. त्याच्याही खाली पायऱ्या आहेत : जवळून बोटं मोजता येणं, फक्त हाताची हालचाल कळणं, फक्त उजेड-अंधार कळणं, आणि शेवटी उजेडही न कळणं. म्हणजे अंध म्हणून नोंद झालेल्या माणसालाही खिडकी कुठे आहे, समोरून कुणी गेलं का, एवढं कळत असू शकतं आणि त्यात खोटं काही नसतं. २०२०च्या अंदाजानुसार जगात अंधत्वाच्या व्याख्येत बसणारे सुमारे ४ कोटी ३० लाख लोक होते. मध्यम ते तीव्र दृष्टिदोष असलेले सुमारे २९ कोटी ५० लाख. यात मोठी गर्दी आहे ती तुमच्या सासूबाईंसारख्यांची, धड दिसत नाही आणि धड न दिसणाऱ्यांतही मोजत नाहीत अशांची.

शिवाय तो तक्ता काय मोजतो? पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरं, चांगल्या उजेडात, खुर्चीवर स्थिर बसून. करड्या फरशीवरची करडी पायरी तो मोजत नाही. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे येणारा अंधार मोजत नाही. नजरेचं क्षेत्र किती रुंद आहे, त्यासाठी वेगळी तपासणी लागते. एकाच आकड्याची दोन माणसं रस्त्यावर अगदी वेगळी वागू शकतात.

हे लिहिताना मला त्या वाचकांचीही आठवण आहे ज्यांच्या घरी नेमकी उलटी तक्रार असते : 'बाबा बारीक अक्षरातली पत्रिका वाचतात, पण दारावर आपटतात, मुद्दामच करत असतील.' काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते आणि बहुधा कडेची दृष्टी आधी जाते. ती इतकी हळू जाते आणि मेंदू रिकाम्या जागा इतक्या सफाईने भरून काढतो, की माणसाला स्वतःलाही उशिरा कळतं. गेलेली दृष्टी परत येत नाही, पण औषधाने किंवा शस्त्रक्रियेने उरलेली राखता येते. म्हणून डोळ्यांत घालायचे थेंब न चुकवणं फार महत्त्वाचं. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात आधी रात्रीचं दिसेनासं होतं आणि मग नजर कडेकडून आकसत जाते. असा तरुण दिवसा फोनवर वाचताना दिसतो आणि संध्याकाळी पांढरी काठी उघडतो. लोक त्याला खोटारडा ठरवतात. मधुमेहात पडद्यावर ठिकठिकाणी डाग पडतात, सूज येते, आणि नजर कधीकधी कालच्यापेक्षा आज वेगळी असते. पक्षाघातानंतर दोन्ही डोळे चांगले असूनही नजरेची डावी किंवा उजवी बाजूच जाऊ शकते. असं माणूस ताटातली एकच बाजू संपवतं आणि घरच्यांना ते विसरभोळेपणाचं वाटतं. काही मुलांचे डोळे तपासणीत निर्दोष असतात, पण मेंदूतलं दृष्टीचं केंद्र दुखावलेलं असतं. गर्दीतलं खेळणं त्यांना सापडत नाही आणि एकटं ठेवलेलं लगेच सापडतं.

तुमच्या वडिलांचं उदाहरण तुम्ही मनात मापदंड म्हणून धरलं आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं. मागचा पडदा आणि नस ठीक असली, तर गढूळ भिंग काढून कृत्रिम बसवलं की दृष्टी परत येते. हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, तेव्हापासून या उपचाराने असंख्य लोकांना नजर परत दिली आहे. तरीही मोतीबिंदू हे आजही जगातल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण आहे, कारण ऑपरेशन सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. सासूबाईंचं दुखणं भिंगाचं नाही, पडद्याचं आहे. चष्मा पडद्यावर पडणारं चित्र नीट करतो. चित्र टिपणारा भागच झिजला असेल, तर काचा कितीही बदलल्या तरी उपयोग होत नाही. 'वडिलांचं झालं, मग यांचं का नाही' या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. त्यात सासूबाईंच्या इच्छाशक्तीचा संबंध नाही.

मामांची तुलना मला जास्त बोचली. गोवराच्या आजारात शरीरातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं; आधीच ते कमी असलेल्या मुलाच्या बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. लस आणि अ जीवनसत्त्वाचे डोस मिळू लागल्यावर हे खूप कमी झालं. मामांच्या बाबतीत हेच झालं असावं. पण त्यांची दृष्टी गेली तेव्हा ते शिकण्याच्या वयात होते. लुई ब्रेलच्या एका डोळ्याला तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यातल्या आरीने इजा झाली, मग दुसराही डोळा गेला, आणि १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने ठिपक्यांची लिपी बसवली. लहानपणापासून न दिसणाऱ्या माणसाच्या मेंदूतला दृष्टीचा भाग ब्रेल वाचताना स्पर्शाच्या कामाला लागतो, हे मेंदूच्या तपासण्यांतून दिसलं आहे. मामांकडे काठी होती, लिपी होती, वर्षानुवर्षांचा सराव होता, आणि त्यांना न दिसण्याबद्दल कुणी प्रश्न विचारत नव्हतं. सासूबाईंनी सत्तर वर्षं डोळ्यांवर विसंबून काढली. आता डोळा क्षणाक्षणाला अर्धवट बातमी देतो, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की हात पुढे करून चाचपायचं, हे त्यांना दर वेळी ठरवावं लागतं. हे थकवणारं असतं. थोडं दिसणं हे काहीच न दिसण्यापेक्षा नेहमी सोपं असतं, असं समजू नका. वर त्यांना रोज सिद्धही करावं लागतंय, की दिसत नाही ते खरंच दिसत नाही.

म्हणून ते स्टूल पुन्हा ठेवू नका. हे मी स्पष्टच सांगते. दिवसा त्या बाजूने गेल्या. संध्याकाळी, दिवा लागलेला नसताना, त्याच रंगाच्या भिंतीलगत तेच स्टूल दिसलं नसतं तर या वयात खुब्याचं हाड मोडलं असतं. आणि त्यांना कळलं असतं की परीक्षा होती, तर घरातल्या वावराबद्दलचा उरलासुरला विश्वासही गेला असता.

सोफ्यावरच्या मुलांबद्दल तुम्ही सर्वांत घाबरल्या आहात आणि मला वाटतं त्याही घाबरल्या असतील, म्हणूनच फक्त नातीला सांगितलं. दृष्टी कमी झाल्यावर काही लोकांना अशी चित्रं दिसतात : लहान आकृत्या, टोप्या, फुलांची नक्षी, प्राणी, इमारती. याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. बोने या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांचा असा अनुभव नोंदवला होता; आजोबांची नजर खूप कमी झाली होती आणि बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून पुरेशी माहिती येईनाशी झाली की मेंदूतला दृष्टीचा भाग स्वतःच चित्रं तयार करू लागतो. ही चित्रं बहुधा मुकी असतात आणि ती खरी नाहीत हे माणसाला कळत असतं. तेव्हा त्यांना शांतपणे विचारा : 'मुलं अजून दिसतात का? ती बोलतात का?' आवाज येत असतील, ती खरी आहेत असं त्या ठामपणे मानत असतील, दिवस-वेळ-माणसं यांचा गोंधळ होत असेल, तर कारण वेगळं असू शकतं. तसं नसलं तरी डॉक्टरांना सांगाच. चित्र दिसताच दिवा लावणं, उठून जागा बदलणं किंवा डोळे डावीकडे-उजवीकडे काही वेळा फिरवणं याने ते अनेकदा विरतं. हे नातीलाही समजावून सांगा. आजीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिच्या मनावर ओझं होऊन राहायला नको.

किती दिसतं हे ओळखण्याचा रस्ता म्हणजे त्यांनाच विचारणं, फक्त प्रश्न बदलून. 'हे दिसतं का?' याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं आणि त्यात उलटतपासणीचा वास येतो. 'इथून काय काय दिसतंय?' असं विचारा. सकाळी विचारा, दिवेलागणीला विचारा, जिन्यात विचारा. माझ्या चेहऱ्याचा कोणता भाग दिसतो, मी कुठे उभी राहिले तर बरं, हेही विचारा. हे संभाषण एकदा नीट झालं तर बाकीच्या सूचना त्यांच्याकडूनच येतील.

खोलीत शिरताना आपलं नाव घ्या. जिन्यात कुणी येत असेल तर हळूच सांगा, 'डावीकडून अमुक येताहेत.' शेजाऱ्यांना खरं काय ते सांगायचं का, हे त्यांना विचारून ठरवा; बहुतेक माणसं एका वाक्यात समजून घेतात. पायऱ्यांच्या कडांवर आणि दिव्यांच्या बटणांभोवती ठळक विरोधी रंगाची पट्टी लावा. वाचायला बसतील तिथे दिवा बाजूने, कागदावर पडेल असा ठेवा, डोळ्यांवर येणारा नको. दारं पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघड्या दाराची कड कपाळाला लागते. वस्तूंच्या जागा विचारल्याशिवाय बदलू नका. फोनमधली अक्षरं मोठी करा आणि मजकूर वाचून दाखवणारी सोय चालू करा. भिंगं, टेबलावरचे मोठं करून दाखवणारे पडदे, बाजूने बघण्याचा सराव, हे सगळं लो व्हिजन क्लिनिकमध्ये मिळतं. तुमच्या डॉक्टरांकडून तिथली चिठ्ठी मागून घ्या. 'चष्म्याने फरक पडणार नाही' याचा अर्थ 'काहीच करता येणार नाही' असा होत नाही. पांढरी काठी थोडं दिसणारे लोकही वापरतात. त्यांना ती नको असेल तर आग्रह धरू नका, पण ती आपल्यासाठीही आहे हे त्यांना माहीत असू द्या.

नवऱ्याच्या काळजीत माया आहे, पण सगळं काढून घेणं हा उपाय नाही. नजर कमी झालेल्या वृद्धांमध्ये उदासी येते, आणि हातची कामं गेली की ती वाढते. गॅसच्या बटणावर बोटाला लागेल असा उंचवटा चिकटवा, 'बंद' कुठे ते स्पर्शाने कळेल. बाहेर जायला आधी एक ठरलेला रस्ता ठेवा, काही दिवस सोबत जा, मग त्यांना विचारा. धोका कुठे वाटतो ते त्यांनी सांगावं आणि तेवढंच घरच्यांनी हाती घ्यावं.

तपासणी मात्र सोडू नका. त्यांचा प्रकार कोरडा आहे, तो हळू वाढतो. पण पुढे कधी ओला होऊ शकतो, म्हणजे पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून गळू लागतात. त्यावर डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आहेत आणि ती वेळेवर मिळाली तर उरलेली नजर वाचू शकते. डॉक्टरांकडून चौकटींचा ॲम्सलर तक्ता मागून घ्या आणि एकेक डोळा झाकून त्यांना तो नियमित बघू द्या. सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या किंवा डाग अचानक वाढला, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता जा. कुणालाही एकाएकी डोळ्यांत विजेसारखे झोत, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटणं, एका डोळ्याची नजर अचानक जाणं, किंवा लाल डोळा, तीव्र वेदना आणि उलट्या असं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आणि एक राहिलंच. हा आजार घराण्यात पुढे येऊ शकतो. तुमच्या नवऱ्याने पन्नाशी गाठली असेल किंवा तिच्या जवळ असेल, तर बाहुली मोठी करून करतात ती पडद्याची तपासणी त्याचीही करून घ्या, सासूबाईंच्या पुढच्या तारखेलाच. तो सिगारेट ओढत असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. या आजाराच्या बाबतीत धूम्रपान हा आपल्या हातात असलेला सर्वांत मोठा धोका आहे, आणि सोडण्यासाठी मदत तिथेच मागता येईल.